जरबूच्या मागच्या दाराशी

विमान कुवेतला उतरलं तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि मसाला जास्त होता. माझा नवरा सलीम इथल्या अम्गरा भागात बांधकाम-सामानाच्या दुकानात नोकरीला आहे. वर्षातून महिनाभर रत्नागिरीला येतो आणि पाण्याचा पेलाही जागेवर मागतो. जाताना मात्र मी भाजून कुटलेला मसाला डबे भरून नेतो. मला वाटायचं, बिचारा एकटाच कसंबसं कालवण करून खात असेल.

शुक्रवारी त्याने मला कश्त्याला (वाळवंटातल्या सहलीला) नेलं. गाडी बू फहदची. हा सलीमचं जुनं गिऱ्हाईक, पिकल्या दाढीचा कुवेती, हिंदी बऱ्यापैकी बोलणारा. "भाभी, सलीम के हाथ का खाना खाओ, फिर बोलो," हे त्याचं वाटभर चाललेलं. सलीमच्या हाताला काही येतं हे मी परक्याकडून ऐकत होते. बाहेर सपाट वाळू, विजेचे खांब, मधूनच उंट. मला त्या उंटांचाही राग येत होता.

शिकार होती जरबूची (खारीएवढा, लांब पायांचा, उड्या मारणारा वाळवंटातला उंदीर). आमच्याकडे पूर्वी कोणी कोणी गलोलीने खारी पाडून भाजत, तसंच हे. जरबूच्या बिळाला दोन दारं असतात. पुढचं दिवसा वाळूने बुजवलेलं, मागचं वाळूच्या पापुद्र्याखाली लपवलेलं. एकाने पुढून काठी खुपसायची, दुसऱ्याने मागे कापड घेऊन बसायचं. सलीम आणि बू फहद एक शब्द न बोलता आपापल्या जागी बसले. आम्हा नवरा-बायकोला एवढं कधी जमलेलं नाही.

दोनतीन जरबू त्यांनी धरले. मग मला राहवेना.

"मी बसतंय मागं," मी म्हटलं.

"तुला नाय जमायचा," सलीम म्हणाला.

"तुमाला रांधायला जमता, मग मना ह्या नाय जमायचा?"

बू फहद हसत उठला. मी बसले. समोरची वाळू फुगली, काहीतरी तपकिरी उसळलं आणि मी ओढणीसकट त्यावर पडले. खाली त्याची धडपड, वर माझी.

सलीमने बिस्मिल्ला म्हणून कापलं, सफाईने सोललं, निखाऱ्यांवर पातेलं चढवून कांदा परतला. मग डबा उघडला. माझा डबा.

"ये सलीम का मसाला," बू फहदने मला समजावलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सलीम पातेलं ढवळत राहिला.

त्यांच्यात पहिला घास शेवटचा जरबू धरणाऱ्याचा, म्हणून माझं ताट आधी आलं. मांस सशासारखं, चविष्ट. तेच जास्त झोंबलं. नवऱ्याच्या हातचं मी पहिल्यांदा खात होते आणि हा दाढीवाला दर शुक्रवारी खात आला होता.

खोलीवर आल्यावर मी विचारलंच, "मसाला माझा, ह्या तेंना कधी सांगितलंव नाय?"

सलीम भांडी घासत होता. "काय सांगू? तुझ्या हातासारखा होतो काय, ता बघायलाच रांधतो. अजून होयत नाय."

मी फडकं घेऊन त्याने घासलेली भांडी पुसायला लागले.

रत्नागिरीला परतून आता बरेच महिने झाले. शुक्रवार दुपार झाली की अजून माझ्या पोटात दुखतं. शेजारचे एक जण कुवेतला निघालेत, त्यांच्याबरोबर यंदाचा मसाला पाठवतेय. त्यात दगडफूल मुद्दाम घातलेलं नाही. माझ्या हातची चव वाळवंटातच जमली, तर सलीम घरी कशाला येईल?