हालव, नको हालवू

धाकटा भाऊ धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीवरून पाठीवर पडला, तेव्हापासून त्याच्या कमरेखालचं अंग हलत नाही. यंदा नागपूरच्या एका संशोधनात त्याला घेतलं. तिथं पाठीच्या कण्यावर चकत्या चिकटवून सौम्य करंट सोडतात आणि त्याच वेळी पाय हलवायचा प्रयत्न करायला लावतात. तो चालायला लागेल असं तिथं कोणी म्हटलं नाही. जेवढं माहीत आहे तेवढंच बोलणारी माणसं मला आवडतात.

गावी परतल्यावर एका दुपारी माझी बायको ओरडली, "भाऊजी, अंगठा हालला जी!"

मला लगेच आनंद झाला नाही. असे पाय झटका येऊन आपोआपही हलतात, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं होतं.

भाऊ खाटेवरून म्हणाला, "दादा, मी हालवून राहिलो का तो आपल्या मनानं हालून राहिला, तेवढं सांग. मले तं पाय समजतच नाही."

मी एक साधी रीत ठरवली. बायको पायथ्याशी, माझ्याकडे पाठ करून बसेल. तिच्याआड भावालाही पाऊल दिसणार नाही. मी उशाशी नाणं उडवीन. छापा आला तर भावाला बोट दाखवीन, म्हणजे हालव. काटा आला तर मूठ, म्हणजे नको हालवू. मग मी 'आता' म्हणायचं आणि काय दिसलं ते बायकोनं सांगायचं.

"काऊन जी, सख्ख्या भावाची परीक्षा घेता?"

"तुझ्या डोळ्यांचीपण घेतोय."

मधेच बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरावरून गेलं आणि तिनं वर पाहिलं. ती खेप मी धरली नाही. तिनं कपाळावर हात मारला.

बोट दाखवलं की "हालला", मूठ दाखवली की "नाही". एकामागून एक जुळत गेलं. मग मी मूठ दाखवली आणि ती म्हणाली, "हालला!"

मी नाणं खिशात टाकलं. "मग झटकाच असेल," म्हटलं.

भाऊ हसत सुटला. "झटका नाही रे. तू मूठ दाखवली, तरी मी जोर लावला."

"कायले?" मी विचारलं.

"मले वाटलं, माहं मन राखाले तू वहिनीले खुणा करून राहिला. या खेपेले तं तुलेच ठाऊक नव्हतं, तरी वहिनीले दिसलं."

"दोघंबी शंकासुर!" असं म्हणत बायको चहा ठेवायला उठली.

चहा होईपर्यंत भावानं मला पायथ्याशी बसवलं. आता बोट नाही, मूठ नाही. तो मनाला येईल तेव्हा जोर लावायचा. दर वेळी नाही, पण अंगठा हलायचा. हलला की "हालला" म्हणायचं, एवढंच माझं काम. एकदा मी जरा उशीर केला, तर तो रागावला.