फी नाही, म्हणजे गोम आहे

आमच्या चिखलीच्या अभ्यासिकेत मोठ्यानं बोलायची मनाई आहे. त्यामुळे सगळे किस्से बाहेर, चपला काढायच्या जागी सांगितले जातात आणि चपलांसारखेच तिथं साचत जातात. हल्ली कोणी नवीन पोरगं येऊन विचारतं, "ताई, त्या शिकवायच्या फेलोशिपच्या इंटरव्ह्यूत काय विचारतात?" मी म्हणते, बाबा, काय विचारतात ते तिथं गेल्यावर कळेलच. आम्ही काय काय समजलो, ते ऐकून जा.

आम्ही चौघं होतो. मी वंदना. डी.एड. पुण्यात झालं म्हणून नाव पडलं 'पुणेवाली'. इरफान नांदुऱ्याचा, त्याच्या अब्बांचं गाद्या-रजयांचं दुकान. गजानन ऊर्फ गज्या, ज्याला स्वतःच्या हॉलतिकिटावरचा फोटोसुद्धा दुसऱ्याचा वाटतो. आणि रोज उंद्रीहून एस.टी.नं येणारी सुनीता.

फेलोशिप दोन वर्षांची. सरकारी शाळेत शिकवायचं, मानधन मिळतं, पुढं शिक्षणाच्याच कामात वाट निघते. जागा मोजक्या, अर्ज ढीगभर. अर्ज तीनदाच करता येतो आणि सुनीताचा हा तिसरा होता. नाही झालं तर एक तारखेपासून जालन्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जायचं, भावानं बोलून ठेवलं होतं. हे ती रोज एकदा हसत हसत सांगायची. आम्हाला काही हसू यायचं नाही.

*

फॉर्म भरतानाच गज्या अडला. शेवटच्या पानावर फीचा रकानाच नव्हता.

"फी नाही, म्हणजे गोम आहे," तो म्हणाला. "आपल्या इकडं मास्तर व्हायचं म्हटलं की आधी समोरचा बोटं दाखवते, किती लाख ते. हे लोक काहीच काऊन मागत नाहीत?"

त्यानं थेट ऑफिसला फोन लावला. आम्ही तिघं भोवती.

"मॅडम, फी काऊन नाही?"

"आम्ही घेत नाही," तिकडून उत्तर आलं.

गज्यानं फोन ठेवला आणि आमच्याकडं पाहिलं. "पाह्यलं? किती तयार ठेवलं होतं उत्तर."

फॉर्म मात्र त्यानंच सगळ्यात आधी भरला.

*

पहिली फेरी फोनवर असते, आणि फोन कधी येईल ते सांगत नाहीत. त्याची तयारी म्हणून आम्ही खोट्या फोनची पद्धत काढली. कोणीही, कोणाच्याही नंबरवरून, कधीही फोन करायचा आणि मॅडम किंवा सर होऊन प्रश्न विचारायचे. मॅडम व्हायचं काम बहुतेक माझ्याकडं, कारण 'आपण', 'कृपया' आणि 'साधारणतः' हे तीन शब्द मला न अडखळता येतात.

एकदा मी माझ्या मावशीच्या फोनवरून इरफानला गाठलं. तो दुकानात होता, समोर गिऱ्हाईक. वीस मिनिटं तो उभा राहून बोलला. मी शेवटी म्हटलं, "इरफान, येताना दोन उशा घेऊन ये." त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचे अब्बा अजूनही मला मॅडमच म्हणतात.

त्या दिवसापासून इरफानला प्रत्येक फोन खोटा वाटायला लागला आणि गज्याला प्रत्येक फोन खरा. गॅस एजन्सीच्या एका पोरीला गज्यानं आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं आव्हान सांगितलं. तिनं बिचारीनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "सर, सिलिंडर मिळालं ना पण?"

*

कसं कोण जाणे, चौघंही दुसऱ्या फेरीला पोचलो. गज्याला त्यातही संशय. "चौघंही? एकाच अभ्यासिकेतले? कोणाले तरी बळी द्यायचा असंल."

ही फेरी संभाजीनगरला, एका शाळेत, दिवसभराची. तिथं बसायच्या खोलीत एक नकाशा वाकडा लटकलेला. गज्या कानात म्हणाला, "परीक्षा इथूनच सुरू आहे. कोण सरळ करते ते पाहून राह्यले." आणि उठून त्यानं नकाशा सरळ केला. नांदेडचा एक पोरगा त्याच्यावर मात करायला फळा पुसून आला. फळ्यावर आमचंच वेळापत्रक होतं.

कोपऱ्यात साध्या लुगड्यातली एक बाई स्टीलचा डबा घेऊन बसली होती. गज्याचे डोळे चमकले. मुख्य परीक्षक असेच बसतात, हे त्यानं कुठंतरी ऐकलेलं. तो जाऊन पाया पडला, आपली खुर्ची दिली, आणि मुलींच्या शिक्षणावर दहा मिनिटं बोलला. बाई मान हलवत राहिली. त्याचं झाल्यावर ती उठली.

"चांगलं बोललास बाबा. आता पाय वर घे, फरशी पुसायची हाय."

*

डेमोचा प्रकार असा असतो. पाच मिनिटं शिकवायचं, आणि समोर बसलेले परीक्षकच पोरं होतात. खोड्या काढतात, पेन्सिल मागतात, मध्येच रडतात. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगून ठेवते.

इरफान अपूर्णांक शिकवायला गेला. पिकल्या केसांचे एक सर बेंच वाजवायला लागले. इरफानला वाटलं, हे आपला धाक पाहून राह्यले. त्यानं आवाज चढवला, "तू, चष्मेवाला, जा कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड." सर निमूट गेले आणि उभे राहिले. पाच मिनिटं झाली, घंटा वाजली, इरफान सगळ्यांना सलाम करून बाहेर आला.

त्याच्यामागून सुनीताचा नंबर. ती आत गेली तर सर अजून भिंतीकडं तोंड करून.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"सरांनी बस म्हटलं नाही," ते म्हणाले.

सुनीता म्हणाली, "बस रे बाळा. पाय दुखले असतील." आणि शिकवायला लागली. जेवणाच्या सुट्टीत इरफाननं हे ऐकलं आणि उघडलेला डबा तसाच बंद केला.

*

मुलाखतीत तुम्हाला एक प्रश्न हमखास येणार. शिकवायचं का आहे?

सुनीताच्या बाबतीत मी खबरदारी घेतली होती. "मले-तुले चालणार नाही," मी तिला महिनाभर बजावलं. तिचं उत्तर मीच लिहून दिलं, चांगलं शुद्ध. तिनं ते एस.टी.त, विहिरीवर, चुलीपुढं पाठ केलं.

मॅडमनी विचारलं. सुनीतानं म्हटलं, "शिक्षण हे समाजपरिवर्तनाचं प्रभावी साधन असून..." आणि शेवटच्या पूर्णविरामापर्यंत एकही चूक न करता म्हणून दाखवलं. मॅडमनी पेन खाली ठेवला.

"आणखी काही?"

"नाही," सुनीता म्हणाली. माझ्या कागदावर पुढं काही नव्हतंच.

परतीच्या गाडीत देऊळगाव राजापर्यंत ती माझ्या कागदाची घडी घालत-उलगडत राहिली. मग म्हणाली, "वंदे, आत तूच बसली होती. मी तं गेलीच नाही." मला फार वाईट वाटलं. तिची शेवटची संधी मी माझ्या शुद्ध भाषेपायी घालवली, असंच वाटत राहिलं. गज्यानं समजूत घालायचा प्रयत्न केला, "अवं, यादी आधीच ठरलेली असते." पण त्या दिवशी त्याच्या संशयानंही कोणाला बरं वाटलं नाही.

*

निकाल फोनवर कळवणार होते. आठवडा गेला, फोन कोणालाच नाही. एक तारीख पाच दिवसांवर आली.

त्या सकाळी आम्ही चपलांजवळ उभे होतो. सुनीता एस.टी.तून उतरली ती तरातरा माझ्याकडंच आली.

"काल लय ताणलं तू, वंदे. पहिले तं राग आला. पण बरं झालं, मन मोकळं झालं."

"काय ताणलं?"

"नाटक नको करू. संध्याकाळचा फोन. मी भाजी निवडून राह्यली होती. 'सुनीता, त्या दिवशी एक प्रश्न राहिला होता, आपल्याला शिकवायचं का आहे?' मी म्हटलं, आता कायले मीठ चोळतं जखमेवर? झालं ना सगळं?"

"मग?"

"मग काय, सांगितलं खरं खरं. आमच्या विहारात मी संध्याकाळी पोरं बसवते, त्यातली कोमल. पाचवीत आहे. धडा असा घडाघडा वाचायची की मले कौतुक. एक दिवस पाहते तं काय, पान उलटलंच नाही अन् पोरगी पुढच्या पानावरचं वाचून राह्यली. सगळं पुस्तक पाठ. अक्षर एक येत नाही. वर्गात कोणाले पत्ताच नाही. मले काऊन समजलं? कारण सहावीपर्यंत मीही तेच करायची." तिनं पिशवी खांद्यावर सरकवली. "अन् म्हटलं, त्या मॅडमसमोरही मी पान न उलटताच वाचलं. वंदीचा धडा. त्याहीले समजलं असंल."



"सुनीता," मी म्हटलं, "मी फोन केला नाही."

"खा शपथ."

"आईशप्पथ."

तिनं इरफानकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. "मेरा आवाज वैसा है क्या?"

गज्या पुढं सरकला. "फ्रॉड आहे. शंभर टक्के. ओटीपी मागितला?"

"नाही."

"आधार नंबर?"

"नाही."

"मंग मागितलं काय?"

"विचारलं, कोमल आता वाचते का," सुनीता म्हणाली. "मी म्हटलं, अर्धं पान वाचते. अन् ठेवून देल्ला फोन. म्हटलं, वंदे, आता माही भाजी जळून राह्यली."

इरफाननं सुनीताच्या फोनवरचा कालचा नंबर पाहिला, मग आपल्या फॉर्मची घडी उलगडली, वरच्या कोपऱ्यातला ऑफिसचा नंबर पाहिला, आणि घडी परत खिशात घातली.

तेवढ्यात सुनीताच्या हातातला फोन वाजला. तोच नंबर. इरफाननं स्पीकरचं बटण दाबलं.

"सुनीता, काल आपण फोन ठेवून दिलात, मुख्य गोष्ट सांगायची राहिली. आपली निवड झाली आहे."

आवाज थेट माझ्यासारखा होता, हे मी नाकारत नाही. सुनीतानं फोनवर तळहात दाबून धरला. आमच्याकडं एकेकाकडं रोखून पाहिलं.

"हात वर करा बे," ती म्हणाली. "तिघंही."

आम्ही वर केले. चपलांच्या ढिगात उभे, सहा रिकामे हात, एकातही फोन नाही. अभ्यासिकेतली पोरं दारातून पाहायला लागली. सुनीतानं सहाही हात पाहिले, गज्याचे दोनदा पाहिले, आणि मग फोनवरचा तळहात काढला.

"हाव मॅडम," ती म्हणाली. "आता सांगा परत एकडाव."