प्याद्याची मात

बाळासो मगदुमाचं सांगलीच्या विश्रामबागेतलं सायकलचं दुकान हे नावालाच दुकान. पंक्चर काढायला आलेला माणूस बुद्धिबळाच्या पटावर बसायचा आणि पंक्चर तसंच राहायचं. हवा काय उद्याबी भरता येते, असं बाळासो बिनदिक्कत सांगायचा, आणि गिऱ्हाईक सायकल ढकलत घरी जायचं.

असला हा निर्ढावलेला गडी जगात एकट्या सासऱ्याला वचकून असायचा. जोतिबामामा कराडच्या अलीकडं राहायचे. ऊस आणि बुद्धिबळ सोडून तिसऱ्या कशाला ते किंमत द्यायचे नाहीत, जावयाला तर मुळीच नाही. बाळासोनं त्यांना कैक वेळा हरवलं होतं. दर वेळी मामा तंबाखू मळत म्हणायचे, "वजिरानं मारलं व्हय? त्यात काय मर्दुमकी? वजीर हातात असल्यावर कुनीबी मारंल. प्याद्यानं मात करा पाव्हनं, मग तुमाला खेळाडू म्हनीन."

आपल्याकडच्या जुन्या खेळात प्याद्याची मात सगळ्यात मानाची. ज्याच्यावर ती बसायची, त्याला चारचौघांत तोंड काढायची चोरी. हे ऐकून ऐकून बाळासोचे कान किटले होते. लग्न झालं, पोरं झाली, दुकानसुद्धा झालं. सासऱ्याच्या तोंडून एवढा एक शब्द काही निघेना, आणि त्याची सल त्याला जेवतानासुद्धा टोचायची.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात सांगलीत स्पर्धा भरली. शेवटच्या फेरीत बाळासोची गाठ कराडच्या कॉलेजातल्या शिराळकर सरांशी पडली. डाव ऐन रंगात असताना बाळासोनं वजीर उचलला आणि सरळ सरांच्या घोड्याच्या तोंडी दिला. बघणारे खुर्चीवरून उठले. पाठोपाठ हत्तीही दिला. सरांचा राजा मारत मारत मैदानात आला, आणि बाळासोनं एक बारकं प्यादं एक घर पुढं सरकवलं. मात! स्पर्धेत बाळासो सातवा आला, पण गावभर बोलबाला झाला तो ह्याच डावाचा.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ब्यांकेतला भाऊसो तर सुटलाच होता. "रशियन लोक असंच खेळतात. आधी सगळं उधळायचं, मग गळा धरायचा," तो सांगत होता. ह्या भाऊसोनं उभ्या जन्मात रशियन बघितला नव्हता. बाळासो मात्र मांडी घालून, फुकटचा चहा पीत, मोठ्या कौतुकानं ऐकत होता.

तेवढ्यात शिराळकर सरांची स्कूटर थांबली. सरांनी कालचा डाव पटावर मांडला आणि बोट ठेवलं. "मगदूम, तुम्ही वजीर दिलात ना, तिथं त्याच वजिरानं सरळ मात होती. एका खेळीत. दिसली नाही तुम्हाला?"

सगळी डोकी पटावर वाकली. होती की हो! भाऊसोचे रशियन क्षणात पसार झाले. "म्हंजे हा गाढवपणाच म्हना की!" तो म्हणाला.

"दिसली होती," बाळासो म्हणाला.

"मग?"

"प्याद्यानं करायची होती."

"आणि गणित चुकलं असतं तर?"

"हरलो असतो."

सरांनी त्याच्याकडं नीट बघितलं आणि कपाळाला हात लावला. "असल्या येड्या माणसाकडून हरलो, हे कॉलेजात कळता कामा नये," म्हणत ते हसतच निघून गेले.

बाळासोनं मात्र दुकानाला कुलूप लावलं, बायकोला, हरणाबाईला, बरोबर घेतलं आणि यष्टीनं सासरवाडी गाठली. मामांच्या पुढ्यात पट मांडून त्यानं सगळा डाव खेळून दाखवला. मामांनी त्या प्याद्यावर बोट टेकवलं.

"ह्ये प्यादं पयल्या खेळीलाच दोन घरं गेलं न्हवं?"

"स्पर्धेत तसंच असतंय मामा. इंग्रजी नियम हाय."

"आपल्या खेळात प्यादं एकेक घर चालतं. ह्ये उड्या मारनारं प्यादं न्हवं, बेडूक हाय. बेडकाची मात आमी धरत न्हाई."

बाळासोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आवं मामा, तुमी तरी किती येळा केली प्याद्यानं मात? सांगा की एकदा!"

हरणाबाई भाकरी टाकून दारात आली. मामांना असं विचारायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. मामांनी तंबाखू हातावर घेतली, मळली, आणि तोंडात टाकायचीच विसरले.

"एकदाबी न्हाई," ते म्हणाले. "सारा जलम खेळत आलो. लय डाव हाताशी आल्ते. वजीर सोडायचं धाडसच झालं न्हाई."

बाळासोला उगीच भरून आलं, आणि स्वतःचा रागही आला. मामा पटावरचे मोहरे एकेक करून पुन्हा जागेवर लावू लागले.

"परत दावा पाव्हनं," ते म्हणाले. "आन शेवटाला त्ये प्यादं जरा मला सरकवू द्या."