एकट्याला चालवता येईल अशी

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर. दुकानात शिरले की आधी तराजूचा काटा बघायचे आणि मग दुकानदाराचं तोंड, म्हणून बाजारानेच हे नाव त्यांना बहाल केलं होतं. नोकरीत त्यांनी पारड्याखाली चिकटवलेलं मेण पकडलं, पोकळ वजनं पकडली, चुंबक पकडले. इतकं सगळं पकडल्यावर माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसाच झाला. घरात नवी उशी आली तरी हे गृहस्थ ती हातावर तोलून बघणार. हल्ली ते बाजारात गाडी न नेता पायी जायचे. पोट कमी करायचंय, असं त्यांनी घरी सांगितलं होतं.

बायकोला मात्र त्यांनी कधी तपासलं नव्हतं. ती पुढच्या खोलीत मशीनवर ताडपत्र्या आणि होड्यांची शिडं शिवायची. दर रविवारी दोघं गावामागच्या तलावावर आपली जुनी लाकडी होडी काढत. सुकाणू यांच्या हातात, पुढचं छोटं शीड तिच्याकडे. "ओढ", "सोड" आणि "वाक" एवढ्या तीन शब्दांवर पाण्यावरचा संसार सव्वीस वर्षं चालला होता. चौथा शब्द कोणालाच लागला नाही.

मग एका रविवारी होडी धक्क्याजवळच्या दगडांवर जाऊन आदळली आणि तिचा तळ फुटला. "टोपी धरायला गेलो आणि सुकाणू सुटलं," असं काटेसाहेब म्हणाले. बायको ओलं शीड सोडवून त्याची घडी घालत राहिली. आठवडाभराने चहा पिताना मात्र म्हणाली, "नवी घेऊ. दोघांचीच घेऊ. पण एकट्याला चालवता आली पाहिजे."

काटेसाहेबांच्या मनात पाल चुकचुकली.

"एकट्याला कशाला?"

"असू दे. लागतं कधीतरी."

"कधीतरी म्हणजे कधी?"

"अहो, मी काय कोर्टात उभी आहे का?" असं म्हणून तिने मशीन सुरू केलं. मशीन चालू असताना त्या घरात कोणाचंच काही ऐकू येत नसे, आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

आता एकटं म्हणजे कोण? काटेसाहेबांना तर पुढच्या शिडाला माणूस लागायचाच, ते एकटे जाणार नव्हते. मग उरली कोण? त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहणी सुरू केली. बुधवारी दुपारी त्यांनी दोनदा घरी फोन केला, दोन्हीदा कोणी उचलला नाही. संध्याकाळी बघावं तर बाईसाहेबांचे केस मुळाशी ओले. गुडघ्यावर हिरवंनिळं झालेलं. तळहाताला फोड आलेले, आणि तेही सुई धरायच्या जागी नाहीत. कुठेतरी पाणी मुरत होतं.

एकदा ती अंघोळीला गेल्यावर त्यांनी तिची मापांची वही उघडली. एका ताडपत्रीच्या लांबीरुंदीखाली पेन्सिलीने लिहिलं होतं: ४९. ८४. जमेल?

एकोणपन्नास किलो ती, चौऱ्याऐंशी ते. वजनं त्यांना कोणी सांगायला नको होती. पण काय जमेल? चौऱ्याऐंशी वजा करून राहायला जमेल? सव्वीस वर्षांनी ही आपल्याला काठावर उतरवून पुढे निघाली, असं त्यांना अगदी खरोखर वाटलं, आणि हे कोणाला विचारायचीही सोय नव्हती. त्यांनी वही होती तशी, त्याच कोनात ठेवून दिली.

होड्या विकणाऱ्याच्या शेडमध्ये ते आपला तपासणीचा काटा घेऊनच गेले. विक्रेता कानावर पेन्सिल अडकवून हिंडणारा गोलमटोल माणूस, काटा बघून त्याचं हसू जरा आवरलं. पहिली होडी हलकी, पळणारी, पण तिचं शीड केवढं थोरलं, आणि पुढचे दोर सुकाणूवरून हाताला यायचेच नाहीत. दुसरी ऐसपैस. "ही उलटायचीच नाही," विक्रेता म्हणाला. काटेसाहेबांनी तिचं आधी नाक आणि मग बूड काट्यावर टेकवून घेतलं, तर चिठ्ठीवरच्या वजनापेक्षा नऊ किलो जास्त भरली.

"आत पाणी शिरलं असेल साहेब," विक्रेता कपाळ पुसत म्हणाला.

"आणि उलटलीच तर सरळ कशी करायची?" बायकोने विचारलं.

तिसऱ्या होडीचं शीड वाऱ्यानुसार लहान करता यायचं. पुढचं शीड एक दोरी ओढली की गुंडाळलं जायचं, आणि सगळे दोर सुकाणू धरणाऱ्याच्या गुडघ्याशी येत होते. मागची बाजू बुटकी, उघडी. वजन चिठ्ठीबरहुकूम. काटेसाहेबांना खोट काढायला जागाच मिळेना.

"बाई, तुम्ही त्या दिवशी म्हणत होतात ना, तशी हीच," विक्रेता बोलून गेला.

त्या दिवशी! म्हणजे ही आधीच येऊन गेलेली. काटेसाहेबांनी चिठ्ठीवरचं वजन उगाचच पुन्हा वाचलं.

होडी चाचणीसाठी पाण्यात उतरवली. दोघांनी अंगात तरंगजाकिटं घातली. धक्क्यापासून थोडं आत गेल्यावर बायकोने सरळ होडीच्या कडेवर वजन टाकून ती उलटवली. विक्रेता धक्क्यावरून ओरडला. ही मात्र सराइतासारखी पोहत मागे गेली, तळातून निघालेल्या मधल्या फळीवर उभी राहिली आणि दोर धरून मागे रेलली. शीड पाणी गाळत वर आलं. बुधवारचे ओले केस, फोड, गुडघा, सगळ्याचा हिशेब काटेसाहेबांना पाण्यात तरंगता तरंगता लागला. तलावावरच्या होड्यांच्या क्लबात जाऊन ही हे शिकत होती. एकटीने निघून जायची तयारी इतकी पक्की!

बुटक्या बाजूने ती होडीत चढली आणि वळून म्हणाली, "आता तुम्ही काही करू नका. हातपाय हलवायचे नाहीत. शुद्ध नसल्यासारखे पडून राहा."

"का?"

"पडून राहा म्हणते ना."

ते पडून राहिले. तिने त्यांच्या जाकिटाचे खांद्यावरचे पट्टे धरले, दोन्ही पाय टेकवले आणि ओढलं. पहिल्यांदा नाही जमलं. दुसऱ्यांदाही नाही. तिचे दात आवळलेले होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. तिसऱ्यांदा चौऱ्याऐंशी किलो पोत्यासारखे होडीत येऊन पडले, आणि ती त्यांच्या शेजारी बसून धापा टाकत रडायला लागली.

"जमलं," ती म्हणाली.

काटेसाहेबांना आता विचारायचं काहीच उरलं नव्हतं, तरी सवयीने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तुमच्या पितळी वजनांच्या पेटीत डॉक्टरांचा कागद ठेवलात. ती पेटी पुसतं कोण? 'क्षणभर शुद्ध हरपते, गाडी चालवू नये, पाण्यावर एकट्याने जाऊ नये.' सगळं वाचलं. आणि त्या रविवारी टोपी तुमच्या डोक्यावर नव्हतीच, घरी खुंटीला होती."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून. दोन महिने."

काटेसाहेबांना आयुष्यात कधी एवढी लाज वाटली नव्हती. साऱ्या बाजाराची लबाडी पकडत हिंडले, आणि खोटं वजन त्यांच्याच पेटीत होतं.

धक्क्यावरून विक्रेत्याने हाका मारल्या, घेताय की नाही म्हणून. वारा भरायला लागला होता आणि शीड फडफडत होतं. काटेसाहेब ओल्या कपड्यांनिशी उठले, सुकाणूला वळसा घालून पुढे गेले आणि सव्वीस वर्षं ती बसायची त्या जागी बसले. समोर दोन दोर होते.

"यातला कुठला धरू?" त्यांनी विचारलं.

"डावा," ती सुकाणू हातात घेत म्हणाली. "ओढा."