कासवाचा सिनेमा आणि सेफ्टी डोअरचं कुलूप

रविवारी लेकीच्या हट्टापायी विरारला एक कार्टून सिनेमा बघितला. चौघं गेलो होतो... मी, नवरा, सात वर्षांची ईरा आणि माझे सासरे, नाना. एसीत झोप छान लागते म्हणून ते आले, असं त्यांचंच म्हणणं.

गोष्ट साधीच. एका मुलाला रस्त्यात कासव सापडतं. गाडीखाली येईल म्हणून तो ते घरी आणतो, काचेच्या पेटीत ठेवतो. ऊब द्यायला दिवा, वेळेवर पाला... सगळी बडदास्त. कासव मात्र रोज एकाच कोपऱ्यात काचेला डोकं लावून बसतं. शेवटी मुलगा त्याला तळ्याकाठी सोडून येतो. मी मुसमुसून रडले, पॉपकॉर्नबरोबरच्या टिश्यूने नाक पुसलं. शेजारी नाना टक्क जागे.

आता आमच्या घरचं सांगते, लपवून काय उपयोग!

आम्ही चंदनसारला राहतो. सकाळी सातला आम्ही दोघं मुंबईला, ईरा शाळेत आणि तिथून पाळणाघरात. सासूबाई गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, नाना मालवणकडच्या गावाहून आमच्याकडे आले. पहिल्याच महिन्यात फिरायला म्हणून गेले आणि आमचंच चारशे दोन समजून शेजारच्या कॉम्प्लेक्समधल्या चारशे दोनची बेल वाजवली. सगळ्या बिल्डिंगी सारख्या, रंगसुद्धा तोच... त्यांचा तरी काय दोष. त्या घरच्यांनी चहा पाजला, वॉचमनला पाठवून आम्हाला शोधून काढलं. पण आमची पाचावर धारण बसली.

तेव्हापासून निघताना सेफ्टी डोअरला बाहेरून कुलूप. एक चावी समोरच्या काकूंकडे. आमच्याच मजल्यावर आणखी दोन घरांत असंच चालतं, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नाही. नानांनीही कधी ब्र काढला नाही.

तर त्या रात्री जेवताना नवऱ्याने सवयीप्रमाणे विचारलं, सिनेमातून काय शिकलात? ईरा म्हणाली, प्राणी पाळायचे नाहीत. मी स्वातंत्र्य वगैरे बोलले... चांगलं तावातावाने. नाना सोलकढी पीत होते. वाटी खाली ठेवून म्हणाले,

"तो पोरगो वायट नव्हतो गो. सगळा दिल्यान. फकत कासवाक एकदा इचारल्यान नाय."

ईराने आणखी भात मागितला.

सोमवारी सकाळी हात आपोआप कुलपाकडे गेला. नवरा लिफ्ट धरून उभा. मी चपला घालूनच परत आत गेले आणि विचारलं, "नाना, कुलूप लावू का?" दोन वर्षांत पहिल्यांदा विचारत होते, खरं सांगते. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "नको." मी चावी त्यांच्यासमोर ठेवली. पत्ता आणि आमचे नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात घातली आणि निघाले.

ऑफिसात कसलं लक्ष लागतंय! तो रस्ता, ते डंपर, रिक्षा... जीव टांगणीला. अकरा वाजता फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला, तरी नाही. काकूंना फोन लावणार एवढ्यात नानांचाच आला. न्हाणीत होते म्हणे.

"फिरून आलात?" मी विचारलं.

"नाय गो. आज कंटाळो इलो. घरातच बसलंय."

मी पॅसेजमध्ये उभी राहून एकटीच हसले. मग स्वतःची लाज वाटली, तीही बरीच.

दोन वर्षं नाना रोज घरातच होते. सोमवारी पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने होते...