पेरीनचा पादशाह

पेरीनच्या मुलाचा, फिरोजचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "मावशी, मम्मी गेली," एवढं तो मराठीत म्हणाला... पुढचं सगळं जर्मनमध्ये. दहनाचं ठरवून टाकलंय, इथे जर्मनीत बहुतेक जण तेच करतात, सोपं पडतं. माझे हात पिठात तसेच राहिले. आमच्यात माणूस गेलं की अग्नीच देतात, पण पेरीन पारशी होती.

ती पुण्याच्या कॅम्पातली, मी कोथरूडची, आणि ओळख झाली ती फ्रँकफर्टला, एका मजल्यावर शेजारी राहायला आलो तेव्हा. सुट्टीत पुण्याला गेलो की ती अगियारीत जायची आणि मी बाहेर कट्ट्यावर बसायची, कारण परधर्माच्या माणसाला आत घेत नाहीत. बाहेर आली की म्हणायची, "काय गं, आज पण कंटाळलीस नी?"

दोघींचे नवरे गेल्यावर आम्ही एका सहलीबरोबर इराणला गेलो. तख्त-ए-सुलेमान पाहायचं ही तिची कधीपासूनची इच्छा. उंचवट्यावर निळंशार, खोलच खोल तळं, भोवती उघडे डोंगर, आणि तळ्याच्या काठाशी शेकडो वर्षांपूर्वीचं अग्निमंदिर... नुसत्या विटांच्या पडक्या भिंती. पेरीननं डोक्याला रुमाल बांधला आणि त्या दगडगोट्यांतही चपला काढल्या. मी सवयीनं बाहेरच थांबले. तिनं माझा हात धरला. "चल आत. इथे आता तुला अडवायला कोण बसलाय?"

आत अग्नीची जागा मोकळी होती. नुसता वारा. ती बराच वेळ उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "आमचा अग्नी म्हणजे पादशाह. त्याला चंदन द्यायचं, मढं नाही. आता फ्रँकफर्टात गिधाडं मी कुठून आणू? मला मातीत ठेवा, मातीची माफी मागून. फिरोजला तू सांग हां. मी सांगायला गेले की तो विषयच बदलतो."

तेच मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, पण तुम्ही काकांना तर अग्नीच दिलात. म्हटलं, हो रे, आमचा अग्नी माणसाला पुढे पोचवतो, तिच्या अग्नीला मेलेलं माणूस शिवलेलं चालत नाही. त्यानं फोन ठेवला. तासाभरानं पुन्हा फोन आला. दहन रद्द केलं होतं.

दफन करून आम्ही तिच्या घरी आलो. फिरोजनं काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा लावला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी त्याला ड्युसेलडॉर्फला घरी जायची गाडी होती. रिकाम्या घरात जळता दिवा कसा ठेवायचा? कोट घालून तो पेल्यावर वाकला, ओठांचा चंबू केला... आणि तसाच थबकला. पारशी ज्योत फुंकून विझवत नाहीत.

"किती वेळ जळेल?" त्यानं विचारलं, मराठीत.

"तेल आहे तोवर."

"आल्झो... मग थांबतो," म्हणाला, आणि कोट काढून तिच्या खुर्चीत बसला. गाडीची वेळ टळून गेली. ज्योत बारीक व्हायला लागली तसा तो उठला, स्वयंपाकघरातून बाटली आणली, आणि पेल्यात आणखी तेल ओतलं.