फुगे, मांद्रे आणि चुकलेला रविवार

आधी चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी हाच किस्सा सांगताना आमच्या मेहुण्यांना असा ठसका लागला की बोल मलाच बसले. आता विषय निघालाच आहे, तर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. दुसऱ्यानं सांगितली तर तो तिखटमीठ लावून सांगेल.

मी मूळचा गडहिंग्लजचा. पोटामागं डिचोलीला आलो, कारखान्यात फिटर झालो आणि इथंच रुजलो. आमची मराठी चर्चची मंडळी लहानशी आहे. बहुतेक सगळे कोल्हापूर, बेळगावकडचे. भाड्याचा एक हॉल, एक पेटी, एक तबला आणि दर रविवारी दहाची उपासना.

आमचं दुखणं एकच, ते म्हणजे पोरं. लहान असतात तोवर आईचा पदर धरून येतात, पहिल्या रांगेत बसून गातात. दहावी झाली, हातात स्कूटर आली, की रविवार गेलाच म्हणून समजा. मागची सगळी तुकडी अशीच एकेक करून निसटली. आता उरली होती लूकस वगैरे पाच जणं आणि त्यातली एक माझी स्वतःची एस्तेर. तीही हल्ली उपदेश चालू असताना खिडकीबाहेर बघत बसायची. मी मनाशी म्हणायचो, ही पण गेली तर आम्ही म्हातारे एकमेकांकडे बघत गाणार का?

एका बैठकीत पाळकसाहेब म्हणाले, "तरुणांचं कुणीतरी मनावर घ्या." सगळे खाली बघायला लागले. मी हात वर केला. तिथंच चुकलं.

मनावर घेतलं म्हणजे किती घ्यावं? पहिलं काम म्हणजे मी एक नियम काढला. ज्याचा रविवार चुकेल त्याच्या घरी त्याच संध्याकाळी मंडळीतल्या चौघापाचांनी जायचं, प्रार्थना करायची आणि प्रेमानं विचारायचं, "बंधू, मन कशानं थंडावलं?" हे वाक्य माझं स्वतःचं. पाळकसाहेबांना आवडलं होतं, म्हणून मी ते जिथंतिथं सांगत सुटलो होतो.

दुसरं काम म्हणजे पहारा. दर रविवारी हॉलच्या बाहेर, अगदी दारात, प्लास्टिकची खुर्ची टाकून मी बसायला लागलो. मांडीवर समोशांचं ताट. पोरगं बाहेर सटकायला आलं की एक समोसा हातात द्यायचा आणि आत परत पाठवायचं. उपासना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत मी जागचा हलायचो नाही.

आमची रूथ म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतः आत येत जा की जरा."

मी म्हटलं, "मी आत आलो तर पोरं बाहेर जातील. तुला नाही कळायचं."

"बरं," ती म्हणाली. आमच्याकडे ती नुसतं 'बरं' म्हणाली की समजावं, पुढं काहीतरी वाढून ठेवलंय.

मग माझ्या डोक्यातून 'तरुणांचा रविवार' निघाला. फुगे, भाड्याचा मोठा स्पीकर, खेळ आणि पावभाजी. पोरांना अचानक चकित करायचं म्हणून मी कुणालाही सांगितलं नाही. रूथ माहेरी गेली होती, म्हणजे अडवायलाही कोणी नव्हतं.

त्या रविवारी एस्तेर भल्या सकाळी आवरून तयार. खांद्यावर भलीमोठी पिशवी.

"एवढ्या लवकर कुठं गं?"

"पप्पा, तयारी करायचीये. मी पुढे जाते, तुम्ही वेळेवर या. नक्की या हां."

मी मनात म्हटलं, बघा, पहाऱ्याचा गुण. पोरगी दोन तास आधी चर्चला निघाली.

मी फुगे फुगवले, स्कूटरला बांधले आणि नऊच्या आत हॉलवर पोचलो. दाराला कुलूप. एस्तेर नाही, कुणीच नाही. समोरच्या सोडावॉटरच्या दुकानातला बाबलो शटर उघडत होता. तो इथलाच, पेडण्याकडचा.

"बाबलो, आमची पोरं दिसली काय रे?"

"तुमची भुरगीं? ती गेली मरे सकाळीच. जीप भाड्यान घेतली. गितार, ढोलकी, डबे, सगळां भरून गेली. पेडण्याच्या वाटेन."

पेडण्याच्या वाटेनं, गिटार आणि डबे घेऊन, रविवारी. आता तुम्हीच सांगा, पोराटोरांचा बाप यावरून काय समजेल? माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं. मांद्रे. समुद्र, वाळू. बाकीचं मी मनातही आणलं नाही.

एस्तेरला फोन लावला, लागेना. पाळकसाहेबांना लावला, तोही लागेना. मग मंडळीच्या ग्रुपवर लिहिलं, "पालकांनो, घाबरू नका. मुलं पळाली आहेत." आणि स्कूटरला किक मारली.

फुगे सोडायचं भान कुणाला होतं? डिचोलीपासून मांद्र्यापर्यंत माझ्यामागं रंगीबेरंगी फुग्यांचा घोस, आणि मी तोंडानं स्तोत्र म्हणतोय. वाटेत थांबून पुन्हा लिहिलं, "अजून सापडली नाहीत. आता घाबरलात तरी चालेल." कुणाचंही उत्तर नाही. मला वाटलं, सगळे रडत असतील.

मांद्र्याच्या वाळूत मी इस्त्रीचा शर्ट, काळे बूट आणि उरलेले फुगे घेऊन उतरलो. एक गोरी बाई हसत आली आणि तिच्या लेकरानं लाल फुगा बोटानं दाखवला. वाद घालण्यात वेळ जाईल म्हणून मी देऊन टाकला. मग आणखी लेकरं आली. फुगे संपले तेव्हा माझ्यामागं अख्खी बालवाडी होती.

आणि तेवढ्यात दिसली पोरं. पाठमोरी, गोल करून बसलेली, मध्ये गिटार. मी लांबूनच सुरुवात केली.

"लाज वाटत नाही? तिकडं घरची माणसं जीव टांगणीला लावून बसलीत आणि तुम्ही इथं वाळूत लोळताय? काय कमी केलं रे तुम्हाला? समोसे कमी पडले?"

सगळी एकदम वळली. एकही तोंड ओळखीचं नाही.

त्यातला एक दाढीवाला उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, आईनं पाठवलं का तुम्हाला?"

बेळगावची कॉलेजची पोरं होती. एकीनं मला बसवलं, पाण्याची बाटली दिली. "आधी पाणी प्या, मग रागवा," म्हणाली. दाढीवाला मात्र बाजूला जाऊन फोनवर बोलत होता, "आई, मी मांद्र्याला आहे. नाही गं, काही झालं नाही. असाच केला फोन." म्हणजे माझ्या रागवण्याचा कुणाला तरी उपयोग झाला, पण ज्यांच्यावर रागवलो होतो ती कुठंच नव्हती. आणि त्या क्षणी मी खरोखर घाबरलो. समुद्राकडे बघवेना. मी ग्रुपवर तिसरा निरोप टाकला, "सर्वांनी प्रार्थनेसाठी गुडघ्यावर यावे."

बऱ्याच वेळानं माझा फोन वाजला. पाळकसाहेब.

"शमुवेल, आहेस कुठं तू?"

"मांद्र्याला, साहेब."

"मांद्र्याला काय करतोयस?"

"पोरं शोधतोय."

"पोरं इथं माझ्यासमोर, जीपमध्ये आहेत. आत्ताच इब्रामपूरहून निघालोय आम्ही सगळे. तुझे तीन निरोप रेंज आल्यावर एकदम आले. लूकसच्या आईनं एवढ्यानं किंकाळी फोडली, आणि लूकस तिच्या शेजारी बसून शिरा खातोय."

झालं होतं असं. त्याच पेडण्याच्या वाटेवर, इब्रामपूरला, आमच्या मंडळीतल्या सोनाबाई आजी असतात. पडल्यापासून त्यांना डिचोलीला येता येत नाही. त्यांनी एस्तेरला फोनवर म्हटलं होतं, "पोरी, तुमचं गाणं ऐकायला जीव आसुसलाय गं." मग या पाचांनीच पाळकसाहेबांना गाठलं. म्हणाले, आजी चर्चला येऊ शकत नाही, तर आपण चर्च आजीकडे नेऊ. वाचन, गाणी, प्रार्थना, सगळं पोरांनी केलं. म्हातारी माणसं अंगणात चटयांवर बसली. एस्तेरनं उपदेश केला म्हणे, आणि आजी डोळे पुसत होत्या.

"पण मला कुणी सांगितलं नाही, साहेब!"

"मागच्या रविवारी उपासनेत जाहीर केलं की. सगळ्यांनी ऐकलं. तू कुठं होतास?"

कुठं होतो? दारात होतो. समोशांचं ताट घेऊन, पोरं बाहेर जाऊ नयेत म्हणून, स्वतः बाहेर.

मी तिथंच वाळूत बसलो. राग नाही, लाज नाही, नुसतं सुटल्यासारखं वाटलं. आमची पोरं कुठंही पळाली नव्हती. उलट एका म्हातारीच्या अंगणापर्यंत सगळ्या मंडळीला घेऊन गेली होती. बेळगावच्या पोरीनं विचारलं, "सापडली का काका?" मी मान हलवली आणि मला रडूच आलं. दाढीवाल्यानं गिटारवर काहीतरी आनंदाचं वाजवलं.

संध्याकाळी घरी येऊन पाय धुतले. बुटातून अर्धा किनारा निघाला. एवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर पाचही जणं रांगेत उभी. मध्ये एस्तेर. किल्ली खिशात असून बेल वाजवत होती. लूकसच्या हातात आजीनं पाठवलेला शिऱ्याचा डबा.

आत आली, हात जोडून बसली, डोळे मिटून प्रार्थना केली. मग माझी लेक गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "बंधू शमुवेल, आज तुमचा रविवार चुकला. मन कशानं थंडावलं?"

मी डबा उघडला आणि शिरा खाल्ला. बाकीची हसून हसून लोळत होती.

जाताना लूकस म्हणाला, "काका, पुढच्या रविवारी तुम्ही आत, पहिल्या रांगेत."

"आणि दारावर कोण?"

"मी बसतो," तो म्हणाला. "तुम्ही निसटू नये म्हणून. समोसे मीच आणतो."